बाहेरच्यांचा नळ

जळक्या पाचटाचा वास आला की मला ती ग्रामसभा आठवते. वरच्या वाडीत बाहेरचं माणूस औषधालाही सापडायचं नाही. कारखान्याजवळच्या आमच्या गावात मात्र हंगामात जिकडेतिकडे ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या. सरपंचांनी सभेआधीच जाहीर केलं होतं, "बाहेरच्यांना गावचा नळ न्हाई!" मी कॉलेजात होतो, नुसता पेटलो होतो. त्याविरुद्ध लिहिलेलं चार पानी पत्रक सभेत वाचायला उभा राहिलो. पहिल्याच पानाला लोक जांभया देऊ लागले.

तेवढ्यात माझी चुलती उठली, सरपंचांना म्हणाली, "भाऊजी, मी जुन्नरची. तुमची मालकीण पिंपळवंडीची. हितली एक तरी सून ह्या गावात जन्मली का? समद्या बाहेरच्याच. उद्यापास्नं आमी बी नळावर येत न्हाई. पाणी तुमी भरा."

बायका खदखदून हसल्या. सरपंचांनी जन्मात कधी हंडा उचलला नव्हता.

"बसा की वहिनी," ते घाईघाईनं म्हणाले, "नळ समद्यांचाच हाय!"

तेव्हा मला रागच आला होता, माझी तीन पानं वाचायची राहिली म्हणून. आता मात्र प्रत्येक पत्रक छापण्याआधी चुलतीला वाचून दाखवतो. ती एवढंच विचारते, "ह्यात पाणी कोण भरणार, ते लिवलंय का?"