त्रेसष्ट जण हजर

तारकाकूला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून द्यायची, हा तिचा धंदा; म्हणून ती तारकाकू. तीस वर्षं तार ओढून अंगठ्याला असा घट्टा पडला होता की त्यावर काडी घासली तर पेटावी. काम करताना ती वेढे मनात मोजायची आणि मधेच कुणी "झाली का हो मोटार?" विचारलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. एक वेढा चुकला तर मोटार पुन्हा जळते. अशी मोजणीत पक्की बाई वस्तीच्या पवनचक्कीची चिटणीस झाली, यात नवल नव्हतं.

वस्तीला वीज देणारी ही चक्की कुठल्या कंपनीची नव्हती, वस्तीची होती. एकशेऐंशी सभासदांनी मिळून ती टेकाडावर उभी केली, आणि त्यात सगळ्यांच्या पुढं होता काकूचा नवरा, वेल्डर. तो गेला त्या वर्षी, वार्षिक सभेत हजेरी घेताना, काकूची जीभ त्याच्या नावाशी अडली ती अडलीच. तेवढ्यात मागून नणंद ओरडली, "हजर!" सगळे हसले, डोळेही पुसले. पुढच्या वर्षी न्हाव्यानं आपल्या वारलेल्या आईसाठी "हजर" म्हटलं. मग तसा पायंडाच पडला. गेलेल्याचं नाव खोडायचं नाही, घरच्यांनी त्याची हजेरी द्यायची.

यंदा सरकारचं नवं धोरण आलं. वस्तीच्या मालकीच्या चक्कीला पंचवीस वर्षं झाली, की यादीतल्या दोन तृतीयांश सभासदांनी सरकारी माणसासमोर हात वर करून मालकी पुन्हा मागायची. नाही मागितली तर चक्कीचा लिलाव. सोबत एक कागद होता, सभासदांची यादी आजच्या तारखेला बिनचूक आहे असं लिहून द्यायचा. काकूनं चष्मासुद्धा न लावता सही ठोकली. तिच्या यादीत चूक असायला ती काय नवशिकी होती?

"एकशेवीस हात लागतील," ती नणंदेला म्हणाली.

"एवढंच? वहिनी, तेवढे तर मी झोपेतून उठवून आणीन."

आणि खरंच, सभेच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला. पायाला प्लास्टर घातलेला ड्रायव्हर खुर्चीसकट उचलून आणला. समोर टेबलाशी अधिकारी मॅडम बसल्या होत्या, तरुण, शिस्तीच्या, खाली मान घालून खुणा करणाऱ्या. काकूनं दरवर्षीसारखी खड्या आवाजात यादी वाचली. दरवर्षीसारखीच उत्तरं आली.

"एकशेऐंशीपैकी एकशेऐंशी!" मॅडमना राहवलं नाही. "असं मी कुठंच पाहिलं नाही. आता ज्यांना मालकी हवी, त्यांनी हात वर करा."

हातच हात वर झाले. प्लास्टरवाल्यानं तर दोन्ही केले, त्याला एक खाली घ्यायला लावला. मॅडमनी एकदा मोजलं. कपाळाला आठी घालून पुन्हा मोजलं.

"एकशे सतरा. तीन कमी पडले."

"सगळ्यांनी वर केलेत की!" बेकरीवाला उसळला.

"हजर एकशेऐंशी आहेत. मग त्रेसष्ट जणांना चक्की नकोय, असंच ना?"

काकूच्या कानांत नुसता घूं असा आवाज भरला. त्रेसष्ट. तिनं मनात यादी धरली आणि एकेक चेहरा मोजत गेली. न्हाव्याची आई. जुना पोस्टमन. बेकरीवाल्याचा थोरला भाऊ. आकडा बरोबर येत होता, आणि तो बरोबर येतोय याचीच तिला शिसारी आली. जिवंत होते तेवढे सगळे आले होते. एकही घरी राहिला नव्हता.

"मॅडम," ती म्हणाली, "ते... ते नाहीत."

"कुठं गेले? आत्ता तर बोलले."

न्हाव्यानं मान खाली घातली. मॅडमनी हळूहळू पेन टेबलावर ठेवलं.

"म्हणजे मी मेलेल्या माणसांची हजेरी घेतली?"

त्यांनी यादी पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "यादी खरी असेल तर ठराव पडला, चक्की लिलावात जाईल. यादी खोटी असेल तर आजची सभा रद्द होते, दुरुस्त यादीवर महिन्याभरात पुन्हा घेता येते. पण बिनचूक आहे म्हणून सही तुमची आहे, काकू. चौकशी होईल. शिक्षाही होऊ शकते. नीट विचार करून सांगा."

नणंदेनं काकूचं कोपर गच्च धरलं. "वहिनी, तोंड उघडू नकोस. जाऊ दे ती चक्की खड्ड्यात. ह्या वयात तुरुंगात जाणारेस का?"

"सोड गं. हात मुरगळेल."

"हजर मी म्हटलं होतं! पहिल्यांदा मीच म्हटलं!"

"मग यादी तू लिहिलीस का?" काकू उठली. "लिहून घ्या मॅडम. यादी खोटी आहे. मला माहीत होतं कोण कोण वारलंय. पहिला माझा नवरा."

नवऱ्यासाठी वारला हा शब्द तिनं सोळा वर्षांत उच्चारला नव्हता. नणंदेनं धरलेलं कोपर सोडून दिलं.

मॅडमनी लिहिलं. कागद फिरवून पुढं केला. "इथं सही. आणि खाली आजची तारीख."

काकूनं सही केली. पेन तिथंच थांबलं. "तारीख काय गं आज?" तिनं मागं वळून विचारलं. सोळा वर्षांपूर्वी काकूची जीभ अडली तेव्हा मागून ओरडणाऱ्या नणंदेनं तोंड उघडलं, पण आज तिलाही ती सांगता येईना.