माझ्या वाट्याचे अठरा मासे

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. नाहीतर राहू दे, तुमचा काय भरवसा! चहा तेवढा खाली ठेवा, नाकात जाईल.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला नॉर्वेच्या एका विद्यापीठात एक सत्र शिकायला जायची संधी मिळाली. विषय मासे. तारकर्लीच्या रापणकराची, म्हणजे मासेमाराची, मुलगी माशांचं शिकायला नॉर्वेला! सगळी वाडी पोचवायला जमली. त्यात शेजारचे आबा. त्यांनी भर खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून भविष्य सांगितलं, "म्हयन्याभरात रडत परत येतला, लिवन घेवा."

मला आला राग! आणि राग आला की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही.

"आबा, पास होवनच येतलंय! नाय झालंय तर वर्सभर तुमच्या खळ्यातलो केर काढीन!"

बोलून बसले खरी, पण तिथे गेल्यावर कळलं की सगळं सत्र एका प्रोजेक्टवर उभं. ते बुडालं की सत्र बुडालं, आणि इकडे वर्षही वाया. प्रोजेक्ट होतं कॉड माशाचं वय ओळखायचं. माशाच्या डोक्यात, कानापाशी, दोन बारीक खडे असतात. त्यांच्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं. ती मोजली की वय कळतं. मी ठरवलं, असं प्रोजेक्ट करीन की खळ्यातला तो झाडू झिजेपर्यंत आबाच मारत बसतील!

एका शनिवारी सकाळी आमच्या इंग्रिडबाई आम्हा सहा जणांना समुद्रावर घेऊन गेल्या. बाई साठीच्या, ताडमाड उंच, आणि दिवसाला दहा शब्दांच्या वर बोलायच्या नाहीत. कशाला चाललोय, तेही सांगितलं नाही. होडीतून जाळं गोल फिरवलं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणल्या.

अगो बाय माझे! ही तर आमची रापण!

बाकीची पोरं हातमोजे घालून दोरी अशी धरत होती, जणू ती चावणार आहे. मी मोजे फेकले, वाळूत टाचा रोवल्या आणि "होऽऽय!" करून जी ओढली! बाई बघतच राहिल्या.

जाळं आलं. मग बाई एकेक मासा फुटपट्टीवर ठेवून मापायच्या, वहीत लिहायच्या आणि टबात टाकायच्या. प्रत्येक टबावर एकेकाचं नाव. एकावर माझंही.

आता तुम्हीच सांगा, माझ्या मनात काय येणार? आमच्या बाबांचा एकच कायदा, "दोरीक जेना हात लायलो, त्येका वाटो गावतलोच." म्हणजे त्याला वाटा मिळणारच. अहो, पाच मिनिटं फोटोपुरती दोरी धरणारा पर्यटकसुद्धा आमच्याकडून चार बांगडे घेऊन जातो! मला वाटलं, बाई वाटे घालतायत. आमच्याकडे नजरेने घालतात, इथे फुटपट्टीने! काय न्यायी देश! माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

बाईंनी टब हातात दिला. "हा तुझा. थेट फ्रीजरमध्ये टाक. सोमवारी भेटू."

आत अठरा कॉड. चांगले वीत-दीड वीत, अजून चकाकणारे. आणि फ्रीजरमध्ये? ताजा मासा फ्रीजरमध्ये टाकला तर माझी आई मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही! म्हटलं, बाईंना बिचाऱ्यांना कोणी शिकवलं नसेल.

दुपारी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी पदर खोचला. पदर नव्हता, स्वेटर होता, पण खोचला. आईने बांधून दिलेला मसाला, तिरफळं, कोकमाची सोलं सगळं बाहेर काढलं आणि माशांचा असा झणझणीत तिखला केला म्हणून सांगू! वासाने अख्खा मजला गोळा. शेजारच्या खोलीतली जर्मनीची लेना सगळ्यांना ताटं वाटत सुटली. नऊ जण जेवलो. नाकं गळतायत, डोळे गळतायत, पण हात थांबेना कोणाचा.

एकच गोष्ट खटकली. डोकी! सगळ्यांनी डोकी ताटाच्या कडेला काढून ठेवलेली.

"अरे खा! त्यातच खरी चव!" मी ओरडले.

कोणी हात लावेल तर शपथ. मी मात्र माझ्या वाटणीची तीन डोकी कुडुमकुडुम चावून, चोखून साफ केली. लहानपणापासूनची सवय. बाबा नेहमी म्हणायचे, "डोक्यो खा गो, अक्कल येता." घरातल्या माशांची सगळी डोकी माझ्याच ताटात.

रविवारी सकाळी बाईंचा मेसेज. "प्राची, तुझे मासे फ्रीजरमध्ये नीट आहेत ना? उद्या खडे काढू. प्रोजेक्ट सुरू."

मेल्ये!

लेनाचं दार बडवलं. "लेना, घात झाला! कालचं जेवण म्हणजे माझं प्रोजेक्ट होतं!"

ती डोळे चोळत म्हणाली, "तू तुझं प्रोजेक्ट शिजवलंस?"

"शिजवलं नाही गो, तिखला केला! आणि तू दोनदा वाढून घेतलंस!"

मी जिन्यातच बसले. डोळ्यांसमोर आबांचं खळं आणि माझ्या हातात त्यांचा झाडू. मग आला राग. नाही झाडणार! मासे खाल्ले, पण डोकी? डोकी तर त्या खुळ्यांनी टाकली होती!

ओल्या कचऱ्याचा डबा खाली, इमारतीच्या दारात. मी कोपरापर्यंत हात घातला. बटाट्याची सालं, कॉफीचा चोथा, कोणाचा तरी शिळा भात. येणारे-जाणारे थांबून बघतायत. बघू देत! मी डोकं काढायचं, लेनाने नाक धरून मोजायचं.

"चौदा... पंधरा. अजून तीन हवीत."

"नाहीत."

"नीट शोध."

"नाहीत म्हटलं ना! ती मी खाल्ली!"

सोमवारी पंधरा डोक्यांतले खडे धुऊन, पुसून बाईंपुढे ठेवले आणि रापणीच्या वाट्यापासून सगळं खरं सांगितलं. बाईंनी एक खडा नाकाशी नेला.

"हा वास कसला?"

"तिरफळ."

त्यांनी खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "कुठला खडा कुठल्या माशाचा, ते आता कळणार नाही. पण वर्तुळं शाबूत आहेत. वयं मोजता येतील." मग अहवालाचा कागद पुढे सरकवला. "तीन नमुने कमी. कारण लिही. खरं लिही."

लिहिलं. "नमुने सोळा, सतरा, अठरा: संशोधकाने चोखून खाल्ले."

आणि सत्राच्या शेवटी पास झाले! निकाल लागला त्याच संध्याकाळी घरी फोन लावला. बाबांनी स्पीकर लावला, शेजारी आबाही कान देऊन. मी सगळं सविस्तर सांगितलं.

"म्हणजे," बाबा सावकाश म्हणाले, "थयल्या सगळ्यांनी डोक्यो टाकल्यो, म्हणान तू पास झालंस. आणि खाल्लंस त्यो फकत तूच?"

"व्हय, बाबा."

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. "आणि अक्कल येतली म्हणान इतकी वर्सा आम्ही घरातल्यो सगळ्यो डोक्यो तुकाच वाढत इलंव!"