इन्शिराहने न सांगितलेलं दुकान

उन्हाळ्यात कैरोकडची बिऱ्हाडं समुद्राची हवा खायला अलेक्झांड्रियात उतरू लागली, की असाफ्राच्या कोपऱ्यावर इन्शिराह किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत उभी राहायची. येणाऱ्या गाड्यांना किल्ल्या दाखवणारे त्या रस्त्यावर पुष्कळ होते. पण एकदा तिच्याकडे उतरलेलं बिऱ्हाड पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या किल्लीकडे बघत नसे. खोल्या काही थोर नव्हत्या. नळ कधी वाहायचा, कधी रुसायचा. बाल्कनीतून समुद्र दिसायचा तो दोन इमारतींच्या फटीतून, टॉवेलाएवढा. लोक यायचे ते इन्शिराहच्या तोंडासाठी.

किल्ली हातावर ठेवता ठेवता तिचं सुरू व्हायचं. "हे बघ बाई, मुलांना घेऊन मोठ्या चौपाटीवर जाऊ नकोस. तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त, पोहायला हात मारलास तर कुणाच्या तरी मामाच्या पोटावर बसेल. शेख जाबिरच्या घुमटाखाली काळ्या दगडांची चौपाटी आहे, तिथे लाट दमून येते. कलेजी गाडीपाशी उभ्याने खायची, बसलं की तिची चव उतरते. भाजलेला बोय मासा अनफूशीला. आणि मासेवाला 'ताजा' म्हणाला तर डोळे बघायचे. माशाचे नव्हे गं, त्याचे!"

हे सगळं झालं की ती आवाज जरा खाली आणायची. "अबू कीरच्या रस्त्यावर मुर्सीचं दुकान आहे. मासा काय, कुठेही मिळेल. तिथली भाकर खा. शम्सी भाकर. दक्षिणेकडे करतात तशी, कणीक छपरावर उन्हात ठेवून फुगवलेली. या शहरात दुसरीकडे मिळायची नाही."

ती भाकर भाजणारा आपला नवरा आहे, हे मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पहिली कितीतरी वर्षं तर तिने त्या दुकानाचं नावही काढलं नव्हतं.

तिचा नवरा खलफल्ला, सगळे त्याला खलफ म्हणत, दक्षिणेतल्या सोहागच्या बाजूचा. पाटाच्या पाण्यावरून झालेल्या भांडणात त्याच्या थोरल्या भावाने शेजारच्या रश्वानच्या डोक्यात कुदळ घातली. रश्वान जागीच गेला. भाऊ पुढे तुरुंगातच आजारी पडून वारला. पण त्यांच्या गावात तुरुंगाने असली गोष्ट मिटत नाही. मारल्या गेलेल्या माणसाच्या घरी सांत्वनाला गेलात तर दारातूनच परत पाठवतात. रक्ताला रक्त मिळेपर्यंत ते घर सांत्वन घेत नाही. भावामागे पाळी खलफची. रश्वान पडला तेव्हा तो आईबरोबर छपरावर भाकरी मांडत होता. पीठ लागलेल्या हातांनीच आईने त्याला उत्तरेच्या गाडीत बसवलं.

लग्नाआधी त्याने इन्शिराहला हे सगळं सांगितलं होतं. "रश्वानचा मुलगा रांगतोय अजून. पण तो मोठा होईल. हे ऐकून नको म्हणालीस तर मी राग धरणार नाही."

तेव्हा ती हसली होती. "मूल मोठं व्हायला काय थोडा वेळ लागतो?"

सुरुवातीला जिन्यात पाऊल वाजलं तरी तिचा हात थबकायचा. पुढे मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, खलफच्या मिशा पांढऱ्या झाल्या, आणि भीती जुन्या चादरीसारखी विरत गेली. मग एका उन्हाळ्यात कौतुकाच्या भरात ती कुणाला तरी म्हणून गेली, तिथली भाकर खा. काही झालं नाही. तेव्हापासून ती सगळ्यांनाच सांगू लागली.

नोव्हेंबरात गल्ली ओस पडते. छत्र्या मिटलेल्या, गच्च्यांवरचे कपडे वाऱ्याने पिळवटलेले. अशा एका दुपारी तिचं दार वाजलं. दारात एक उंच, सावळा तरुण होता. खांद्यावर लांबुळकी पिशवी.

"सित्त इन्शिराह आपणच ना? जुलैत आमच्या गावचे मास्तर तुमच्याकडे उतरले होते. त्यांनी नाव सांगितलं. मी दियाब."

"मास्तरांच्या गावचा होय! ये, ये. पण पोरा, नोव्हेंबरात समुद्र बघायला आलास? बायकोशी भांडलास का?"

"बायको नाही अजून," तो म्हणाला. हसला नाही.

तिने वरच्या खोल्या उघडून दिल्या. पिशवी घ्यायला हात पुढे केला तर त्याने खांदा मागे घेतला आणि ती स्वतःच भिंतीशी हलकेच टेकवली, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तशी. आत लोखंड लोखंडावर वाजलं.

नव्या पाहुण्याला पहिलं ताट इन्शिराहच्या घरचं, हा तिचा रिवाज. माशाचा भात, तळलेला मासा, लिंबू, मुळ्याचा पाला. संध्याकाळी तिने ताट वर नेलं. अर्ध्या तासाने तोच ते खाली घेऊन आला. वरचं फडकंसुद्धा हललं नव्हतं.

"भूक नाही?"

"भूक आहे."

"मग? माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी मेलं नाही बाबा!"

"तसं नाही, सित्त. सध्या कुणाच्या घरचं खायचं नाही, पाणीही घ्यायचं नाही, असं ठरवून निघालोय. विकतचं चालतं. म्हणून तर विचारायला आलो, कुठे खाऊ? मास्तर म्हणाले, हे तुमच्याइतकं कुणी सांगत नाही."

इन्शिराहच्या हातातलं ताट जड झालं. खलफने तिला फार पूर्वी सांगितलं होतं, तसल्या कामाला निघालेला माणूस परक्या गावात कुणाच्या घरचा घास घेत नाही. घर कुणाचं निघेल काय सांगावं? घास घेतला, की खाल्ल्या मिठाला जागावं लागतं. मग हात उचलता येत नाही.

"मास्तरांनी इथून एक भाकर आणली होती," दियाब सांगत होता. "आमच्याकडच्यासारखीच. माझ्या आईने ती हातात घेतली, कडेवरच्या चिरा बघितल्या. तिकडे प्रत्येक घरची बाई आपापल्या चिरा पाडते. ती भाकर आईने खाल्ली नाही. मला म्हणाली, ऊठ. कुठल्या दुकानातली, ते मास्तरांना आठवेना."

आपलंच बोलणं जुलैत नाईलच्या उलट दिशेने वर गेलं होतं आणि आता माणूस होऊन दारात उभं होतं. इन्शिराहने ताट ओट्यावर ठेवलं. ही बाई कोण, हे त्याला ठाऊक नाही, एवढं तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. ती लगेच बोलू लागली. नेहमीपेक्षाही जास्त बोलली. अनफूशीला बोय खा. बहरीला शिंपल्याचं सूप पी. तिथेच किल्ल्यामागची चौपाटी बघ. सगळं शहराच्या पश्चिमेच्या टोकाचं. मुर्सीचं दुकान पूर्वेच्या टोकाला होतं.

"आणि भाकर?"

"भाकर काय, सगळीकडे असते," ती म्हणाली. पाहुण्याशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होती.

त्या रात्री खलफ दुकानातच भट्टीपाशी झोपला होता, आणि असली गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. सकाळी दियाब बहरीच्या बसमध्ये चढल्याचं तिने बाल्कनीतून पाहिलं आणि उलट्या बाजूची मिनिबस पकडली.

खलफ दुकानाच्या छपरावर होता. ढगांतून जेवढं ऊन उतरत होतं, तेवढ्याखाली त्याने कणकेचे गोळे मांडले होते. तिला धापा टाकत वर आलेलं पाहून तो म्हणाला, "काय गं, घर जळलं की मुर्सीची उधारी मागायला आलीस?"

तिने सांगितलं. तो ऐकत राहिला. हातातल्या सुरीने कणकेवर चीर पाडत होता, ती अर्ध्यावर थांबली.

"जेवला?"

"नाही. पाणीसुद्धा नाही."

"मग तोच," खलफ म्हणाला. "उंच झालाय? रश्वान उंच होता."

"आजची गाडी पकड. धाकट्या लेकीकडे जा, दमन्हूरला. नाहीतर मी पोलिसांत जाते."

"काय सांगशील? पाहुणा माझ्या हातचं जेवत नाही, पकडा त्याला?" तो हसायला गेला, जमलं नाही. "मी एकदा पळालो, इन्शिराह. तिकडे आई गेली, तिला खांदा द्यायला मी नव्हतो. आता पळालो तर तो धाकटीच्या दारात उभा राहील. तिथेही ती त्याला ताट देईल."

"मग मीच त्याला खायला घालते. चौपाटीवर रताळेवाल्याच्या हातून देते, माझ्या घरचं आहे हे न सांगता."

"फसवून दिलेलं मीठ अंगी लागत नाही. कुणाचं खातोय ते त्याला ठाऊक हवं, आणि ठाऊक असून त्याने खायला हवं." त्याने राहिलेली चीर पुरी केली. "तू घरी जा. मी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला येईन."

घरी येऊन ती खिडकीत बसली. तिला वाटलं होतं, बहरीत तो एखाद-दोन दिवस तरी भटकेल. एवढं आयुष्य या शहरात काढून ती एक गोष्ट विसरली होती. या शहरात एकट्या पाहुण्याला कुणी गप्प खाऊ देत नाही. सूपवाला विचारणार, कुठून आलास? शेजारच्या बाकावरचा म्हणणार, तुला इथे कुणी पाठवलं, त्याला मासा कळत नाही. बसचा ड्रायव्हर, चहावाला, जाळं विणणारा म्हातारा, सगळे त्याला प्रेमाने सांगणार. सोहागचा का तू? अरे मग मुर्सीकडे जा! तुझ्या आईच्या हातची भाकर मिळेल!

दिवेलागणीच्या आधीच जिन्यात पावलं वाजली. लोखंडी कठड्यावर काहीतरी टणटणत वर आलं आणि तिच्या मजल्यावर थांबलं. तिने दार उघडलं.

"सित्त," दियाब म्हणाला, "एक दुकान सांगायचं तुम्ही विसरलात. गावाने सांगितलं. मी जाऊनही आलो. तो नुकताच निघाला, वाटेत मशिदीत थांबेल म्हणाले. कुठे राहतो विचारलं, तर त्यांनी हाच पत्ता दिला."

त्याचा आवाज चढला नव्हता, हीच मोठी भीती होती. इन्शिराह उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "विसरले नाही. मुद्दाम सांगितलं नाही. माझा नवरा आहे तो."

"मी तुमच्या छपराखाली झोपलो."

"पण जेवला नाहीस. त्यामुळे तुझ्यावर आमच्या मिठाचं काही नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही..."

खाली फाटक वाजलं. खलफच्या चपला ती झोपेतही ओळखत असे. तो एकेक पायरी चढत होता, गुडघा धरून, रोज चढायचा तसा. दियाबचा हात पिशवीच्या तोंडाशी गेला. वळणावर खलफ आला, त्याने वर पाहिलं आणि दोन पायऱ्या खालीच थांबला. बाह्यांवर पीठ होतं, हात रिकामे.

"रश्वानसारखाच दिसतोस," तो म्हणाला.

"बापाचं नाव घेऊ नकोस."

"बरं. आई कशी आहे?"

"आई... आई मी घरी यायची वाट बघतेय."

"तिला फोन लाव. माझ्याशी बोलायला सांग. नंतर तुला जे करायचं ते कर, मी इथून हलणार नाही. हिला आत जाऊ दे फक्त."

"मी कुठे जात नाही," इन्शिराह म्हणाली.

दियाबने एक हात पिशवीतच ठेवून दुसऱ्याने फोन काढला. घंटा वाजत राहिली. पलीकडून बाईचा आवाज आला, आधी कोंबड्यांना हाकलणारा, मग एकदम बारीक. "झालं?"

"नाही, आई. तो समोर आहे. तुझ्याशी बोलतो म्हणतो."

फोन खलफच्या हातात आला. "खाला," तो म्हणाला, "मी खलफ."

पलीकडे नुसता श्वास. तीन माणसं त्या अरुंद जिन्यात तो श्वास ऐकत उभी राहिली. मग ती बोलली. "तुझ्या आईला मीच आंघोळ घातली होती. शेवटची. दुसरं कुणी आलं नाही."

खलफने भिंतीचा आधार घेतला.

"दियाबला दे," पलीकडून आलं.

दियाबने फोन कानाला लावला. तो ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा पिशवीपेक्षा जड होत गेला. फोन खिशात टाकून तो म्हणाला, "आई म्हणते, त्याला म्हणावं स्वतः ये. कफन हातात घेऊन, दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर. मग मी बघेन."

"बघेन म्हणजे काय?" इन्शिराहने विचारलं.

"एवढंच म्हणाली."

कफन हातावर घेऊन आपल्या पायाने दारात आलेल्याला तिकडे माफ करतात. कधी करत नाहीत. इन्शिराहला हेही खलफनेच सांगितलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो सुटल्यासारखा दिसत होता, आणि तेच तिला सोसवेना.

ती आत गेली. उन्हाळी बिऱ्हाडांसाठी ठेवलेल्या चादरींतली एक पांढरी, कधी न वापरलेली निवडली आणि दाताने काठ तोडून उभी फाडली. फाडण्याचा आवाज बाहेर गेला, तसे दोघे पुरुष बोलायचे थांबले. तिने कापड घडी घालून खलफच्या हातावर ठेवलं, स्वतः काळी शाल अंगावर घेतली आणि दाराला कुलूप लावलं.

"तू कुठे?" खलफ म्हणाला.

"तुला एकट्याला गाडीत झोप लागत नाही."

दक्षिणेची गाडी सुटायला वेळ होता. तिघे स्टेशनकडे जाणाऱ्या मिनिबसच्या मागच्या बाकावर बसले. खलफ खिडकीशी, मध्ये इन्शिराह, या बाजूला पिशवी मांडीवर धरून दियाब. उजवीकडे समुद्र काळा पडत चालला होता. तिने दियाबकडे न बघता विचारलं, "पोरा, तुमच्या गावी मी कधी आले नाही. आम्ही उतरायचं कुठे?"

"आमच्याकडेच," तो म्हणाला. "दुसरं कुणी तुम्हाला दारात उभं करणार नाही."

"आणि जेवायचं?"

दियाबने पिशवीच्या पट्ट्याचा हाताला आणखी एक वेढा घेतला. "ताट वाढायचं की नाही, ते आई ठरवेल," तो म्हणाला.