अर्धा चेहरा अंधारात

डहाणू रोडचा लाहू पेंटर फ्लेक्सवाल्यांचं नाव निघालं की थुंकायचा. बटण दाबणाऱ्यांना कलाकार म्हणणारं गावही त्याच्या लेखी आंधळंच होतं. त्याचे गुरू वेगळे होते. रद्दीत सापडलेल्या एका जाड पुस्तकात तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या चित्रकारांची चित्रं होती. ती पुन्हापुन्हा उतरवून तो शिकला, की आधी सगळा अंधार रंगवायचा आणि मग एकाच बाजूने उजेड आणायचा, पातळ थरांनी, प्रत्येक थर वाळू देत.

२०१७ साली आशागडच्या हिराबाईंनी वारलेल्या नवऱ्याचं चित्र काढायला सांगितलं. चिकूच्या वाडीत राबलेला तो चेहरा लाहूने महिनाभर जीव ओतून रंगवला.

हिराबाईंचा मुलगा संदीप ते बघताच म्हणाला, "अर्धं तोंड काळं का केलंत?"

"ती सावली आहे. बघायला डोळे लागतात."

"फ्लेक्सवाल्याने बाबांना कोट घातलाय. गोरे पण केलेत."

निदान बाईंना तरी कळेल म्हणून लाहूने हिराबाईंकडे पाहिलं. त्या संकोचून म्हणाल्या, "भाऊ, त्या फ्लेक्समध्ये ते हसतात तरी."

"मग तोच कोटवाला टांगा भिंतीवर!" म्हणत लाहूने चित्र काखेत मारलं.

घरी येऊन त्याने ते खिडकीशी उभं केलं. मायलेकांना शिव्या देता देता त्याची नजर चित्रातल्या कानावर गेली. कान कच्चा होता, चिकटवल्यासारखा. पुस्तकातल्या एकाही म्हाताऱ्या गुरूने तो खपवून घेतला नसता. "तूही त्या फ्लेक्सवाल्यांतलाच," तो स्वतःवरच खेकसला आणि कान खरवडून काढायला बसला.