टायर निवडले ते शेजारच्या सीटवरून

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत घरटी एक तरी गाडी आहे, पण बायका ‘गाडी आली गं!’ असं ओरडतात तेव्हा ती एकच असते. मोहिनी गायधनींची. लाल, दोन सीटची, टप उघडणारी जुनी स्पोर्ट्स कार. जमिनीला इतकी टेकलेली की तिच्यात बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं. सातपूरच्या एका कारखानदारानं ती तरुणपणी हौसेनं घेतली, आणि पोट सुटल्यावर शेडमध्ये ताडपत्रीखाली टाकून दिली. मोहिनीताई नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्या आणि त्यांनी ती ताडपत्री उचलली. कॉलनीनं आठवडाभर तोंडसुख घेतलं. या वयात देवदेव करावा, नातवंडं सांभाळावीत, हे काय खूळ! मोहिनीताईंना नातवंडं नाहीत, लग्नच केलेलं नाही, आणि देवावर त्यांचा राग नसला तरी घाई नाही.

वडील ट्रक चालवायचे. पिंपळगावची द्राक्षं, लासलगावचा कांदा, पडेल तो माल. मोकळ्या माळावर त्यांनी लेकीला ट्रकच शिकवला, त्यामुळे ही लाल गाडी तिच्या हातात खेळण्यासारखी वळते. मी शेजारी. माझी गाडी उंच, पांढरी, सात माणसांची, आणि बहुतेक वेळा तिच्यात मी एकटाच असतो. म्हणून मोहिनीताई मला रावसाहेब म्हणतात. मला ते आवडत नाही हे त्यांना माहीत आहे.

त्यांचा एक रिवाज आहे. दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या एका बाईला त्या शेजारच्या सीटवर बसवतात आणि फिरवून आणतात. एका वेळी एकच, कारण सीटच एक. दवाखाना, बँक, बाजार, हळदीकुंकू यासाठी गाडी मिळत नाही, त्यासाठी रिक्षा आहेत. कुठं जायचं ते बसणारीनं सांगायचं. जन्मभर नवऱ्याच्या स्कूटरवर मागं एका बाजूला पाय सोडून बसलेल्या या बायका. पहिल्यांदा विचारलं की त्यांना काही सुचतच नाही. एकीनं आपल्याच बिल्डिंगला लागोपाठ फेऱ्या मारायला लावल्या, गॅलरीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्यानं मान वर करेपर्यंत. एक निवृत्त मुख्याध्यापिका सिन्नरच्या रस्त्याला लागल्यावर गळा काढून गायल्या. त्यांचं गाणं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि मोहिनीताई म्हणतात ते बरंच होतं. पण बाईचा चेहरा बघण्यासारखा होता, हेही त्याच सांगतात.

या दसऱ्याच्या आधी नंबर होता सुलाबाईंचा.

सुलाबाई आमच्या कॉलनीतल्या सगळ्यांत वयस्कर. माहेर देवळ्याचं. मणक्याचं हाड एकदा मोडलेलं, वॉकर धरून चालतात. इतकी वर्षं त्या ‘मला नको बाई ते खेळणं’ म्हणून टाळायच्या, आणि अचानक स्वतःहून म्हणाल्या, “मोहिनी, मला देवळ्याला ने. कुसाला बघायचंय.” कुसाबाई ही त्यांची धाकटी बहीण. पायांनी अधू, आणि कानांनी जवळजवळ ठार बहिरी, म्हणजे फोनचा उपयोग शून्य. सुलाबाईंचा मुलगा दिवाळीआधी आईला कायमची बंगळूरला नेणार होता. तिकीट काढलेलं होतं. त्याआधी भेट झाली तर झाली, नाहीतर दोघींच्या वयाकडे बघता पुन्हा नाही.

मी म्हटलं, “मावशी, माझी गाडी आहे की. मागं आडवं पडून चला.”

“मागं आडवी पडून मी पुढं जायचीच आहे,” त्या म्हणाल्या. “आत्ता बसून जाते.”

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मोहिनीताई टायर चोळायला बसल्या. हा दुसरा रिवाज, वडिलांकडून आलेला. नवमीला ट्रकची पूजा, म्हणून आदल्या दिवशी डिझेलमध्ये जुनं ऑइल कालवून त्यात फडकं बुडवायचं आणि टायर असे काळेभोर करायचे की त्यात तोंड दिसावं. मोहिनीताईंनी तर हे नवमीपुरतंही ठेवलं नव्हतं. महिन्या-महिन्याला तेल. बाळंतिणीनं बाळाला लावावं तसं. टायरच्या नक्ष्या खोल, रंग तुकतुकीत, आजच दुकानातून आणलेत अशी बघणाऱ्यानं शपथ घ्यावी. त्या दिवशी चोळता चोळता एका चाकात खिळा दिसला, म्हणून त्या सिन्नर फाट्याला अन्सारकडे गेल्या. मीही गेलो, मला हवा भरायची होती.

अन्सारचं पंक्चरचं आणि टायरचं दुकान जुनं आहे. त्यानं चाक काढून आडवं टाकलं आणि खिळा ओढला. मोहिनीताई नेहमीप्रमाणे वाकून बघत होत्या. त्यांनी टायरची बाजू दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि तशाच थांबल्या. खोबणीच्या तळाशी बारीक बारीक भेगा होत्या, वाळलेल्या तळ्यासारख्या. फडक्यानं पुसलं तसं काळं निघालं आणि आणखी दिसल्या. मग त्या उरलेल्या तिन्ही चाकांशी जाऊन उकिडव्या बसल्या. तिन्हीकडे तेच.

“तेलानं रबर खाल्लं,” अन्सार हळू आवाजात म्हणाला. “ट्रकला चालून जातं ताई. ट्रकचा टायर तेल लागायच्या आत घासून संपतो. तुमची गाडी फक्त इतवारची.”

अति तिथं माती म्हणतात ते हेच. पण त्या वेळी मला म्हण आठवली नाही, मोहिनीताईंचा चेहरा दिसत होता. नोकरीभर ज्या बाईनं नोटेवरचा केसाएवढा दोष हुडकून बाजूला काढला, तिला स्वतःच्या हातानं केलेला दोष चकाकीखाली दिसला नव्हता. “रावसाहेब,” त्या म्हणाल्या, “या टायरांवर मी बाया बसवत होते.” तो रविवार त्यांनी रद्द केला. सुलाबाईंच्या हातात त्यानंतर एकच रविवार राहत होता.

मग कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टायरपुराण सुरू झालं. ज्यांनी जन्मात स्टेपनी बदललेली नाही ते उंटावरून शेळ्या हाकू लागले. एकानं जुने पण नव्यासारखे टायर सुचवले. नव्यासारखे! दुसरीकडे सुलाबाईंच्या मुलाचा बंगळूरहून फोन आला, “त्या डबड्यात आईला बसवू नका. दिवाळीनंतर मीच नेईन तिला मावशीकडे.” सुलाबाई फोन ठेवून म्हणाल्या, “दिवाळीनंतर मी तिकडे असेन, आणि हा ऑफिसात.”

कामाचं बोलला तो एकटा महेश. हा कॉलनीतला गाड्यांचा खरा वेडा, स्वतःची गाडी जमिनीलगत उतरवून, रुंद टायर घालून फिरवतो. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. स्पोर्ट्स कारला स्पोर्ट्सचे टायर. रुंद, बुटके, मऊ रबराचे, रस्ता धरून ठेवणारे. “ताई, आधी चालवून बघा,” म्हणत त्यानं आपल्या गाडीची चारही चाकं टायरसकट काढून दिली. बोल्ट जुळत होते. आपली गाडी विटांवर उभी करून दुसऱ्याला चाकं देणारा माणूस आजकाल कुठं मिळतो?

अन्सारनं ती बसवली आणि किल्ली पुढं केली. मोहिनीताईंनी घेतली नाही. गाडीला वळसा घालून त्या दुसऱ्या बाजूच्या दारातून आत बसल्या.

“तुम्ही चालवा अन्सारभाई.”

“मी? गाडी तुमची, ताई.”

“बसणार सुलाबाई आहेत. मला इथं बसून बघायचंय.”

अन्सारनं गाडी रेल्वेच्या पुलापर्यंत नेली आणि आणली. मध्ये गतिरोधक, उखडलेला पट्टा, गटाराचं झाकण, आपल्याकडच्या रस्त्यावर असतं ते सगळं. परत आल्या तेव्हा मोहिनीताईंनी एक हात कमरेवर धरला होता. महेश आशेनं उभा होता.

“चालवणाऱ्यासाठी हे टायर सोन्यासारखे असतील, महेश,” त्या म्हणाल्या. “तू म्हणतोस ते खोटं नाही. पण इथं बसलं की प्रत्येक खडा माकडहाडाला येऊन लागतो.” मग म्हणाल्या, “इतकी वर्षं बायांना इथं बसवते, आणि मी स्वतः एकदाही इथं बसले नव्हते.”

मला त्या क्षणी या बाईबद्दल जे वाटलं ते मी लपवत नाही. आपण सगळे आपापल्या स्टीअरिंगमागून जग बघतो. माझ्या सात सीटांपैकी सहांवर मी आजपर्यंत बसलेलो नाही, आणि बसावं असं मला सुचलंही नसतं.

त्यांना हवे होते ते अगदी साधे टायर. अरुंद, खड्डा गिळणाऱ्या जाड गालांचे, जुन्या छोट्या कुटुंबाच्या गाडीला असायचे तसे, आणि यंदाच्याच वर्षी बनलेले. ते माप आता कुणी ठेवत नाही. अन्सारनं फोनवर फोन केले, शेवटी मालेगावच्या एका दुकानात सापडले आणि शनिवारी एसटीच्या पार्सलनं आले. मोहिनीताईंनी प्रत्येकावरची बनवल्याची तारीख चष्मा लावून वाचली, बसवून घेतले, आणि पुन्हा शेजारच्या सीटवर बसून पुलापर्यंत जाऊन आल्या. या खेपेला हात कमरेवर नव्हता.

महेश मात्र कळवळून म्हणाला, “ताई, भावडबारीच्या घाटात वळणावर गाडी लोळेल हो.”

“मग वळण हळू घेईन,” मोहिनीताई म्हणाल्या. जुन्या तेलाचा डबा त्यांनी अन्सारकडेच टाकून दिला.

रविवारी सकाळी लाल गाडी निघाली, टप उघडा, सुलाबाई डोक्याला स्कार्फ बांधून पुढं. मागून माझी सात सीटची गाडी, कारण लाल गाडीत वॉकर मावत नाही. आयुष्यात एकदा तरी गाडी उपयोगी पडली म्हणायची. ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, मग सोग्रस फाट्याला वळलो. घाटात मोहिनीताईंनी इतकी हळू वळणं घेतली की कांद्याचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देऊन पुढं गेला. पुढच्या गाडीतून सुलाबाईंचा हात बाहेर आला आणि त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला टाटा केला.

देवळ्याला मळ्यात पोचलो तर अंगणात जत्रा. कांदे साठवायच्या चाळीपाशी ट्रॉली भरणं चालू, ट्रॅक्टरचं इंजिन धडधडतंय, सुना, नातवंडं, शेजारी. कुसाबाईंना त्यांच्या मुलांनी, म्हणजे सुलाबाईंच्या भाच्यांनी, प्लास्टिकच्या खुर्चीतून उचलून आणलं. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले. सुलाबाई काहीतरी बोलल्या.

“काय म्हनस तू?” कुसाबाई ओरडल्या.

“तिले आयकू येस नही, मोठ्यानी बोल मावशी!” एक भाचा त्यांच्या डोक्यावरून ओरडला. सुलाबाईंचा आवाज तेवढा उरलेला नाही. त्या पुन्हा बोलल्या, मग कुसाबाई पुन्हा ‘काय?’ म्हणाल्या, आणि आजूबाजूचे सगळे मदतीला ओरडू लागले. इतका रस्ता तोडून आलेली बाई तोंड मिटून उभी होती.

मोहिनीताई पुढं झाल्या. “कुसाबाईंना माझ्या जागेवर बसवा,” त्या भाच्यांना म्हणाल्या. एका बाजूनं कुसाबाई, दुसऱ्या बाजूनं सुलाबाई. मग त्यांनी टप ओढून लावला, काचा वर केल्या आणि दोन्ही दारं लोटली. मोठ्या गाडीत दोन माणसांमध्ये हातभर अंतर राहतं. या गाडीत एकीचं तोंड दुसरीच्या कानाशीच येतं. आम्हांला बाहेर इंजिनाची धडधड ऐकू येत होती, आणि काचेआड दोन पांढरी डोकी टेकलेली दिसत होती. गाडी जागची हलली नाही. मोहिनीताई चाळीच्या सावलीत रिकाम्या गोण्यांवर बसून राहिल्या, आणि कुणी पोर काचेशी डोकावायला गेलं की त्याला हाकलत होत्या. मी बघितलं तेव्हा त्या डोळे पुसत होत्या. बघितलंय हे त्यांना कळलं, तरी त्या थांबल्या नाहीत.

परतीला घाट उतरल्यावर चहाला थांबलो. सुलाबाई गाडीतून उतरल्या नाहीत. मी कप नेऊन दिला. मोहिनीताईंनी न राहवून विचारलं, “बोलणं झालं का मनासारखं?”

“झालं,” सुलाबाई म्हणाल्या. “सगळे तिला म्हणत होते, आक्का दिवाळीला येईल, आक्का उन्हाळ्यात येईल. मी सांगितलं तिला, कुसा, आता मी परत येत नाही.” त्यांनी चहा फुंकला. “पहिल्याच खेपेला ऐकू गेलं तिला.”