ऑलिव्हची आंघोळ

केस नसलेल्या मांजराला आठवड्यातून एकदा आंघोळ घालावी लागते, हे आमच्या अख्ख्या कुंभिवली गावात फक्त मला माहीत होतं. आणि माझं हे ज्ञान मी कुणालाच नीट सांगितलं नाही.

मांजर माझं नव्हतं. मी रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथल्या आमच्या मॅडमचं. त्या एका लग्नासाठी लोणावळ्याला चालल्या होत्या आणि परत आल्यावर सोमवारी त्याच ठरवणार होत्या, मला नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा. अशा वेळी "माझी ऑलिव्ह सांभाळशील?" याला एकच उत्तर असतं. (तसंही मला 'नाही' म्हणायचं असेल तर आधीपासून सराव लागतो.)

"अंगातलं तेल टिपायला हिला केस नाहीत ना, ते कातडीवरच साचतं," मॅडमनी समजावलं. "रविवारी कोमट पाणी, बिनवासाचा शाम्पू. घड्यांमधला मळ हलक्या हातानं पुसायचा, कान पुसायचे. उन्हात सोडायची नाही. आणि वरून काहीही लावायचं नाही. काहीही!"

घरी टोपलीतून ऑलिव्ह बाहेर आली. गुलाबी, सुरकुतलेली, नुसते कानच कान! आमच्या आत्याच्या हातातलं लाटणं थांबलं.

"अगं बाय माझे! हिला सोलली कुणी?"

"आत्या, ही जातच अशी असते."

"जात कसली? दिस भरायच्या आधीच जल्मलीय बिचारी!"

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. आत्या गावातल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालते. उघडं, सुरकुतलेलं, थरथरणारं काहीही दिसलं की तिचे हात शिवशिवतात. रविवारी मी शाम्पूची बाटली आणायला आत गेले. बाहेर येते तो आत्या न्हाणीत पाय लांब करून बसलेली, ऑलिव्ह तिच्या पायांवर पालथी, आणि मानेपासून शेपटीपर्यंत खोबरेल तेल!

"आत्या, मॅडमनी सांगितलंय..."

"तुज्या मॅडमनी किती पोरं न्हाणलीत?"

मी शाम्पूची बाटली खाली ठेवली. (इंग्रजी शाळेत वादविवाद शिकवतात, पण तिथे समोर आत्या नसते.) तेलावर बेसन आलं, बेसनात हळद आली. ऑलिव्ह डोळे मिटून घुरघुरत होती, म्हणजे तिचंही मत आत्यालाच! मग आत्यानं तिच्या डोक्यावर तांब्या ओतला.

ऑलिव्ह उडाली. मी झडप घातली. तेल लावलेलं, बिनकेसाचं मांजर धरून बघा कधी! साबणाची वडी हातातून सुटते, पण तिला निदान पाय नसतात.

ती थेट दाराबाहेर, रणरणत्या उन्हात! कातडी भाजली तर? हायवेकडे गेली तर? समोरून कुणी ओळखीचं आलं की गल्ली बदलणारी मी "ऑलिव्ह! ऑलिव्ह!" करत भर गावातून पळत सुटले.

"काय शोधतीस गं?" ओट्यावरच्या एका आजोबांनी विचारलं.

"मांजर!"

"कसलं?"

"पिवळं. केस नाहीत."

"कुटं नाय?"

"कुठंच नाहीत, आजोबा!"

"मंग मांजर कशावरनं?"

तेवढ्यात पिठाच्या गिरणीतून गिरणीवाल्या बबनकाकांची किंकाळी आली. बिनकेसाच्या मांजराला सारखी ऊब लागते, आणि नुकत्याच बंद केलेल्या गिरणीखाली गरम पिठाचा डबा होता. ऑलिव्ह त्यात गळ्यापर्यंत बसली होती. तेल झालं, बेसन-हळद झाली, आता वर तांदळाचं पीठ. तळायचं तेवढं बाकी होतं!

मी तिला ओढलं, डबा माझ्यावर आला, आणि फोन वाजला. मॅडमचा व्हिडिओ कॉल! बंद करायला गेले आणि घाबरलेल्या अंगठ्यानं उचललाच.

"अनघा, हे... हे काय आहे?"

मी घाईघाईनं ओढणीनं पीठ पुसलं. खालून हळदीचं मांजर निघालं.

"पिवळी पडलीये! कावीळ झालीये तिला! मी निघाले!"

माझ्या तोंडातून 'हळद' बाहेर पडेपर्यंत फोन बंद झाला होता. मग किती वेळा लावला! घाटात कुठला लागतोय?

मॅडम आल्या त्या पैठणीतच, वाटेत प्राण्यांच्या डॉक्टरांना गाडीत घालून. डॉक्टरांनी ऑलिव्हच्या कानावर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"हळद आहे. मांजर ठणठणीत आहे. धुऊन काढा, कोरडं करा, उबेत ठेवा. स्वयंपाकघरातलं काही लावू नका."

"मंग लावायचं काय?" आत्यानं विचारलं.

"काहीच नाही."

"मंग ते न्हाणं कसलं!"

मॅडमनी पदर खोचला आणि स्वतःच आंघोळ घातली. मी बादली धरून उभी. पाणी पिवळं होत गेलं, मॅडम लाल. शेवटी मला राहवेना.

"मॅडम... सोमवारी मी येऊ की नको?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या भुवयांवर तांदळाचं पीठ होतं.

"आपल्या कारखान्यात मांजरं आहेत का, अनघा?"

"नाहीत, मॅडम."

"मग ये."

अशी मी नोकरीत कायम झाले. लोक अनुभवावर होतात, हुशारीवर होतात. मी कारखान्यात एकही मांजर नव्हतं म्हणून झाले!