टाचेखालचं बटण

व्हुकाशिन प्राध्यापक झाला तेव्हा त्याच्या ताईनं, देसांकानं, चाचाकमधल्या सगळ्या गल्लीला रकिया पाजली. तो शिकवतो तरी काय, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "वीज. पण दिव्यातली नव्हे, माणसातली."

पहिली दहा वर्षं त्यानं बेडकांच्या तंगड्या उडवल्या, पुढची वीस माणसांच्या. अर्धांगानं ज्याचं पाऊल लोंबतं, त्याच्या गुडघ्याखाली विजेची डबी बांधायची आणि बुटात टाचेखाली बटण बसवायचं. टाच उचलली की डबी नसेला चिमटा काढणार, पाऊल वर येणार. बेलग्रेडच्या प्रयोगशाळेतल्या लांब बोळात लोक चालले, व्हिएन्नाच्या सभेतही चालले. पदकं आली, ती ताईच्या कपाटात बशांमागे गेली. घरी गेलेली डबी मात्र आठवड्यात खणात पडायची. "रोगी आळशी असतात," व्हुकाशिन म्हणायचा. हेच त्यानं पुस्तकात घातलं, जरा लांबवून.

मग ताईलाच झटका आला. डावं पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबू लागलं, आणि घराण्याच्या संताचा दिवस तोंडावर. त्या दिवशी येईल त्या पाहुण्यापुढे घरच्या बाईनं अक्रोड-साखर घातलेल्या शिजवल्या गव्हाचं तबक धरायचं. बेचाळीस वर्षं ते तिनंच धरलं होतं.

"आई, यंदा तुम्ही बसा. मी फिरवते," सून मिलुंका म्हणाली.

"मी मेल्यावर फिरव," म्हणत तिनं भावाला फोन लावला.

सणाच्या सकाळी तो डबी घेऊन आला. अंगणात ताईच्या बुटात बटण बसवलं, तिला चालवलं. पाऊल झकास उचललं.

"बघ ताई, तीस वर्षांची तपश्चर्या."

दोघं उंबऱ्याशी आली आणि जन्मभराच्या सवयीनं दोघांनी बूट काढले. प्राध्यापकाच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. ताईनं सपाता चढवल्या, पाऊल टाकलं, अन् ते फरफटत गालिच्यात अडकलं.

"बटण कुठाय?"

"बुटात."

"आणि बूट?"

त्यानं उंबऱ्याबाहेर पाहिलं. "आजच्या दिवस घरात बूट घाल."

"आईच्या गालिच्यावर? आज?" ताईनं भिंत धरली. "व्हुका, तुझे ते आळशी रोगी घरी काय घालून फिरायचे रे?"

प्राध्यापकानं मोज्यातला अंगठा आत ओढला. घरी तोही सपातांतच फिरायचा, तीस वर्षं.

"मिलुंका, सुई आण. आणि व्हुका, तू दोरा ओव. तेवढं तरी येतं ना?"

तिसऱ्या खेपेला दोरा ओवला. ताईनं डाव्या सपातेत टाचेखाली बुटातलं बटण शिवून टाकलं. दुपारपर्यंत एकवीस पाहुणे आले आणि गव्हाचा दाणाही सांडला नाही. प्राध्यापक कोपऱ्यात बसून वहीत लिहीत होता.

वसंतात त्याला पुन्हा पदक मिळालं. 'घरगुती पादत्राणांसाठी नवी रचना', चौदा पानं, त्यात ताईचं नाव कुठंच नाही. सपात तेवढी त्यानं नमुना म्हणून व्हिएन्नाला नेली होती.

ताईनं फोन केला. "पदक तुझ्यापाशीच ठेव, बशांमागे जागा नाही. सपात दे. रविवारी ईस्टर आहे, पाहुणे यायचेत. आणि टपालानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. धड मोजे घालून."